चौदाव्या पानावरची आग

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी बाईंचं नाव घेईन. आईवडिलांना त्याचं वाईट वाटणार नाही. बाबा स्वतःच म्हणायचे, "आम्ही तुला कॉलेजच्या दारापर्यंत आणून सोडलं, पुढचं आम्हाला काय कळतंय?" पुढचं सगळं बाईंनी केलं. म्हणून ही हकिगत आधी त्यांची आहे, आणि मग माझ्या हातून जे झालं त्याची.

बाई म्हणजे भोपाळमधल्या आमच्या कंपनीच्या रिपोर्ट सेक्शनच्या प्रमुख. कंपनी लहानच. बिट्टन मार्केटजवळ एका दुकानाच्या वरचा मजला, तेवढंच ऑफिस. आमचे इंजिनियर कारखान्यांत जाऊन तिथली वीजयंत्रणा तपासायचे. कुठे काय बिघडलंय, काय बदलायला हवं, किती लवकर, हे आम्ही मालकाला लेखी कळवायचं, असा धंदा. इंजिनियर कितीही हुशार असला तरी गिऱ्हाइकाच्या हातात शेवटी पडतो तो कागद. तो कागद तयार करणारे आम्ही तिघं होतो. बाई, मी, आणि पानं, तक्ते, फोटो नीट लावून देणारे भाईजान, जे पिढ्यान्‌पिढ्या भोपाळचेच. रिपोर्ट इंग्रजीत असायचे, त्यांच्यावरचं बोलणं मराठीत आणि भांडण हिंदीत.

ऑफिसात सगळे त्यांना मॅडम म्हणत. मी महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या पांढुर्ण्याकडचा, तालुक्याच्या शाळेत शिकलेला. शिकवणाऱ्या स्त्रीला 'बाई' म्हणायचं एवढंच मला माहीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक पान लिहायला दिलं, आणि ते त्या तपासत असताना मी हात बांधून उभा राहिलो आणि विचारलं, "बाई, लई चुकलं का?" सगळं ऑफिस हसलं. बाई नाही हसल्या. म्हणाल्या, "हसताय काय? बरोबर हाक मारतोय तो." आणि मला म्हणाल्या, "बस. आणि हात सोड. इथे छडी नाही."

त्यांचे यजमान पुण्याकडून बदली होऊन इथल्या मोठ्या विजेच्या कारखान्यात आले होते. ते गेल्यावरही बाई आनंद नगरच्या घरातच राहिल्या. त्यांची मराठी धुतल्या तांदळासारखी. माझी ऐकून त्या म्हणायच्या, "तुझ्या एका वाक्यात दोन राज्यं नांदतात रे." मला नावानं हाक क्वचितच मारत. "काय पदवीधर, आज काय आणलंय?" ही त्यांची हाक. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, हे मी मुलाखतीत तीनदा सांगितलं होतं म्हणे. मला आठवत नाही, पण सांगितलं असणार.

माझा पहिला रिपोर्ट मंडीदीपच्या एका तेलाच्या कारखान्याचा होता. मी जीव ओतून लिहिला. शाळेत निबंध लिहायचो तसाच. आधी प्रस्तावना, मग कारखान्याचा इतिहास, मग परिसर, मालकांनी केलेलं स्वागत, मग एकेका खोलीतली यंत्रं, आणि शेवटी उपसंहार. एकोणीस पानं झाली. बाईंनी लाकडी फूटपट्टी घेतली, ती एकेका ओळीखाली सरकवत सगळी पानं वाचली. पूर्ण सकाळ गेली. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या,

"चौदाव्या पानावर आग लागलीये. आणि पहिल्या पानावर तू चहा पितोयस."

मला कळलं नाही. त्यांनी चौदावं पान उघडलं. तिथे मी लिहिलं होतं की मुख्य पॅनेलमधला केबलचा एक जोड जळून काळा पडला आहे आणि कधीही पेट घेऊ शकतो. ते मी योग्य जागी, म्हणजे त्या खोलीचं वर्णन आलं तिथे, लिहिलं होतं.

"पण बाई, सांगितलं तर आहे."

"कुणाला सांगितलंस? मालक चौदाव्या पानापर्यंत येईल असं तुला कोण म्हणालं? तो उभ्याउभ्या वाचतो असं समज. एक पाय गाडीत आहे. त्याला एकच पान वाचायचंय. सांग आता."

तेव्हा त्यांनी मला जे करायला लावलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. म्हणाल्या, "वडील काय करतात?"

"संत्र्याची खोकी ठोकतात. लाकडाची."

"फोन लाव त्यांना. तू काय लिहिलंयस ते सांग."

मी ओशाळलो, पण लावला. बाबांच्या मागे हातोड्यांचे आवाज येत होते. मी सगळं सांगितलं, पाच मिनिटं. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे तार जळायला आली, ती बदला, नाहीतर कारखाना पेटेल. एवढंच ना? मंग एवढी पानं कशाला भरली?"

फोनचा आवाज मोठा होता, बाईंना ऐकू गेलं. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "हे पहिलं पान. वडिलांनी सांगितलं तसं लिही."

त्या दिवसापासून आमची एक पद्धत पडली. रिपोर्ट लिहायला बसण्याआधी एक कोरा कागद घ्यायचा. त्यावर लिहायचं, हे कोण वाचणार, तो कसल्या घाईत असेल, आणि वाचून झाल्यावर त्यानं नेमकं काय करायचंय. ते मराठीत लिहिलं तरी चालेल. तो कागद बाईंना पटल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. मी दुपारी डबा खाताना कागद घेऊन जायचो आणि बाई पोळीचा तुकडा हातात धरून म्हणायच्या, "'उपाययोजना कराव्यात' म्हणजे काय करू? झाडू मारू?" मी पुन्हा लिहायचो. भाईजान लांबून त्यांच्या भोपाळी हिंदीत विचारायचे, "को खां, फिर लौटा दी मैडम ने?"

आणि एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगत. "जे सांगायला तुला जड जातं ना, ते पहिल्या पानावर. सोपं सोपं पुढे येतं आणि जड मागे लपतं. माणसाचा स्वभावच आहे तो. म्हणून मुद्दाम उलटं करायचं."

मी तीन वर्षं हे शिकलो. माझं इंग्रजी सुधारलं, पण त्याहून जास्त माझं बघणं सुधारलं. गावी गेलो की लोकांचं बोलणं ऐकून मला वाटायचं, याची आग चौदाव्या पानावर आहे. सोमवारी हाटाच्या दिवशी बाई ऑफिस सुटल्यावर खाली भाजी घ्यायच्या, मी पिशवी धरायचो. त्या भाजीवाल्यालाही सोडत नसत. "आधी भाव सांग भैया, मेथीची तारीफ बाद में." मग त्यांना आनंद नगरच्या मिनीबसमध्ये बसवून मी कोटरा सुल्तानाबादच्या माझ्या खोलीवर जायचो. त्या वर्षांपेक्षा चांगली वर्षं मला आठवत नाहीत.

चौथ्या वर्षी रिपोर्टना उशीर व्हायला लागला. पूर्वी चार दिवसांत जाणारा रिपोर्ट नऊ-दहा दिवस घ्यायचा. गिऱ्हाइकं साहेबांना फोन करायची. आमचे साहेब इंदूरचे मराठी. माणूस वाईट नाही, पण सदा धावपळीत. त्यांनी एक दिवस मला केबिनमध्ये बोलावलं.

"एक काम कर. रिपोर्टला लेट का होतोय, यावर मला एक रिपोर्ट दे. पंधरा दिवसात. सीधा मला दे, सेक्शनमधून नको. मॅडमना टेन्शन नको उगाच. आणि सुन, पुढे काय करायचं तेही लिही. मार्चच्या आधी मला डिसाइड करायचंय."

मार्चमध्ये सेक्शनच्या लोकांची वर्षावर्षाची कंत्राटं पुन्हा सही व्हायची. म्हणजे काय पणाला लागलं आहे ते मला केबिनमधून बाहेर पडतानाच कळलं होतं. तरी थोडा अभिमानही वाटला, हे कबूल करतो. रिपोर्टांवरचा रिपोर्ट, आणि तो मला लिहायला दिला.

बाईंनी शिकवलं तसंच कामाला लागलो. आमच्याकडे एक आवक-जावक रजिस्टर होतं. प्रत्येक रिपोर्ट कुणाच्या टेबलावर कधी आला, कधी गेला, ते त्यात असायचं. दोन वर्षांची पानं काढली, तारखा शेजारी शेजारी मांडल्या. इंजिनियरांकडे पूर्वीइतकेच दिवस. माझ्याकडे तेवढेच. भाईजानांकडे एक दिवस, पूर्वीही एकच. जे दिवस वाढले होते ते सगळे एकाच टेबलावर वाढले होते. बाईंच्या.

मला वाटलं, त्या जास्त बारकाईनं तपासत असतील. मग एका दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि आकड्यांचा एक तक्ता पुढे केला. "मोठ्यानं वाच बरं. कानाला कसं लागतं बघू."

तक्ता कुणी कानानं तपासत नाही. मी वाचायला लागलो. त्या मूळ कागदावर फूटपट्टी धरून बसल्या होत्या. मी मुद्दाम एका ठिकाणी तीनच्या जागी आठ वाचले. त्यांनी मान डोलावली. "बरोबर. पुढे."

मी पुढे वाचत राहिलो. फूटपट्टी चुकीच्या ओळीखाली होती. मला पहिल्या दिवसापासूनच्या त्या फूटपट्टीचा अर्थ आता निराळा वाटायला लागला. सुरुवातीला ती शिस्त असेल. नंतर ती काठी झाली होती. बाईंना दिसत नव्हतं, आणि दिसत नसताना चूक होऊ नये म्हणून त्या प्रत्येक पान तीनतीनदा वाचत होत्या. उशीर झालेल्या त्या रिपोर्टांतून एकही चुकीचा आकडा बाहेर गेला नव्हता.

तेव्हाच विचारायला हवं होतं. "बाई, डोळ्यांना काय झालंय?" एवढंच. पण आमच्याकडे गुरुजींच्या चष्म्यावर बोलत नाहीत. मोठ्या माणसाचं उणं दिसलं की नजर खाली घालायची, हेच लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. मी नजर खाली घातली आणि तक्ता पुरा वाचला.

मग तो रिपोर्ट लिहायला बसलो. कोरा कागद घेतला. कोण वाचणार? साहेब. कसली घाई? मार्चची. वाचून त्यांनी काय करायचं? इथे माझा हात थांबला. खरं उत्तर एका ओळीचं होतं. बाईंना डोळे दाखवायला सुट्टी द्या, तोपर्यंत शेवटची तपासणी दुसऱ्या कुणाकडे द्या. पण त्या ओळीत बाई होत्या. ती ओळ पहिल्या पानावर म्हणजे बाईंना सगळ्यांसमोर उभं करणं, असं मला वाटलं. ज्यांनी मला लिहायला शिकवलं त्यांच्याविरुद्ध मी पहिलं पान लिहू? मी तो कोरा कागद चुरगाळला. बाबांनाही फोन लावला नाही. लावला असता तर त्यांनी विचारलं असतं, "मंग उशीर करतंय कोण?" आणि मला सांगावं लागलं असतं.

मी लिहिलं की आमची कामाची पद्धत जुनी आहे. प्रत्येक रिपोर्ट फार हातांतून जातो. तपासणीचे टप्पे वेळखाऊ आहेत. ही रचना बदलली पाहिजे. माझ्या मनात होतं की साहेब टप्पे कमी करतील, बाईंच्या टेबलावरचा ढीग आपोआप उतरेल, आणि कुणाचंच नाव निघणार नाही. दोषी कोण? पद्धत. पद्धतीला डोळे नसतात, पद्धतीला वाईट वाटत नाही. रजिस्टरचा तक्ता मी टाळला नाही. तेवढा प्रामाणिकपणा केला. तो परिशिष्टात घातला, अकराव्या पानावर.

भाषा फार चांगली झाली होती. पहिलं पान तर एका दमात वाचून होत होतं. भाईजानांनी नेहमीसारखी पानं लावून दिली. त्यांना वाटलं, कुठल्या तरी गिऱ्हाइकाचं काम. "पढ़ते नहीं क्या, भाईजान?" मी भीतभीत विचारलं. ते म्हणाले, "मैं पढ़ता थोड़ी हूँ खां, मैं तो सजाता हूँ."

आमच्या सेक्शनमधून गेलेला हा एकच रिपोर्ट, ज्याच्या ऑफिस कॉपीवर बाईंची पेन्सिल नव्हती.

साहेबांनी तो खरोखरच उभ्याउभ्या वाचला. मला खूण करून बोलावलं. "एकदम फर्स्ट क्लास. पहिल्याच पानात क्लिअर. पद्धतच जुनी आहे तर ती रिपेअर कशाला करायची?" दुसऱ्या शहरातली एक एजन्सी हेच काम तयार साच्यांमध्ये बसवून दोन दिवसांत करून देते, त्यांच्याशी त्यांचं बोलणं आधीपासून चालूच होतं. माझ्या रिपोर्टनं त्यांना फक्त कारण मिळालं. फेब्रुवारी संपायच्या आत करार झाला. बाईंचं आणि भाईजानांचं कंत्राट पुढे सही होणार नव्हतं. मला एजन्सीशी संपर्क ठेवायला ठेवून घेतलं, वर हुद्दाही वाढवला.

तेव्हा मी केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. फूटपट्टी, तक्ता, अकरावं पान. साहेबांनी माझा रिपोर्ट काढून अकरावं पान उघडलं.

"हे आता सांगतोस? साइन झालं रे. आधी लिहिलं का नाहीस? मॅडमना दीड महिना सुट्टी दिली असती ना. आधी त्या, मग कंपनी. ऑफिस एका खोलीचं होतं तेव्हापासून माझ्याबरोबर आहेत त्या. माझी काय दुश्मनी होती त्यांच्याशी?"

मी बाहेर आलो. साहेबांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तो रिपोर्ट कशाचा होता हे भाईजानांना कळलं तेव्हा ते आपली खुर्ची पुसत होते. रोज पुसायचे. म्हणाले, "वाह मियां. हमारा ही पत्ता कटवाया, और मार्जिन भी हमसे ही सेट करवाए." मग हसले. ते हसले म्हणून मला जास्त लागलं. पुढे त्यांनी एका छपाईच्या दुकानात काम धरलं. आजही रस्त्यात दिसले तर हात करतात, थांबत मात्र नाहीत.

बाईंचा शेवटचा दिवस सोमवार होता. खाली हाट भरला होता, भाजीवाल्यांच्या आरोळ्या वर येत होत्या. त्यांनी टेबल आवरलं, पेन्सिली एका डबीत घातल्या, आणि मला म्हणाल्या, "पदवीधर, तो तुझा रिपोर्ट आण. ऑफिस कॉपी."

मी आणून दिला. त्या खिडकीशी बसल्या. पर्समधून एक भिंग काढलं. ते त्यांच्याकडे होतं हेही मला माहीत नव्हतं. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात फूटपट्टी. दुपारभर त्या वाचत होत्या. मी समोर उभा होतो. त्यांनी बस म्हटलं नाही.

अकराव्या पानापाशी त्या थांबल्या. बोट तक्त्याच्या एका उभ्या रकान्यावरून खाली नेलं. मग परत पहिल्या पानावर आल्या आणि समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. अक्षर वाकडं आलं, ओळीवरून घसरलेलं.

"भाषा छान झालीये," त्या म्हणाल्या.

मी रडायला लागलो.

"रडू नकोस, कागद भिजेल. मोतीबिंदू होता रे, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणत होते, करून घ्या, महिना-दीड महिन्याचा प्रश्न आहे. मला वाटलं, महिनाभर गेले तर यांना कळेल की माझ्यावाचून चालतं. म्हणून मीही लपवलं. म्हणजे चौदाव्या पानावर मीच आधी ठेवलं, तू नंतर." भिंग पर्समध्ये ठेवत त्या म्हणाल्या, "पण गंमत बघ. मोतीबिंदू माझा, आणि ऑपरेशन तू सगळ्या सेक्शनचं केलंस."

"बाई, मला वाटलं तुमचा अपमान होईल."

"तुला वाटलं. मला विचारलंस?"

त्यांनी पेन्सिलींची डबी उचलली. त्या दिवशी त्यांनी भाजी घेतली नाही. मी मिनीबसपर्यंत गेलो. पायरी चढताना त्यांचा पाय चुकला, मी हात धरला, त्यांनी धरू दिला. तेवढं एक त्यांनी मला दिलं.

त्या गेल्यावर मी समासातलं वाचलं. दोनच शब्द होते. "मी कुठे?"

पुढे आनंद नगरचं घर सोडून बाई नाशिकला भाचीकडे राहायला गेल्या. मी फोन करीन करीन म्हणत होतो, केला नाही. काय बोलणार? दोन वर्षं गेली. या काळात मी कितीतरी रिपोर्ट बाहेर पाठवले. एजन्सीचे साचे चांगले आहेत. सगळं जागच्या जागी असतं. पण एकदा त्यांच्याकडून आलेल्या रिपोर्टात एक जळका जोड नवव्या पानावर सापडला, आणि मी तो हातानं उचलून पहिल्या पानावर आणून ठेवला.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. मावशी तुमची चौकशी करते, म्हणाली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, बरं दिसतं. दुसऱ्यातला मोतीबिंदू फार पिकला, उशीर झाला, त्यानं आता नुसता उजेड कळतो. "फोनवर बोलायचा तिला कंटाळा आहे हो. पण मोठ्या अक्षरात कुणी लिहिलं तर स्वतः वाचते. दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं तिला चालत नाही."

रविवारी सकाळी मी लिहायला बसलो. पहिलं पत्र दोन पानांचं झालं. इकडे सर्व क्षेम, बिट्टन मार्केटची गर्दी वाढली, तुमच्या मिनीबसचा रस्ता खणून ठेवलाय, आई-बाबा बरे आहेत, बाबांचं खोकी ठोकणं आता बंद झालं, सगळीकडे पुठ्ठ्याचे डबे आले. मग वाचून पाहिलं. मी पुन्हा चहाच पीत होतो.

ते फाडलं. कोरा कागद घेतला. कोण वाचणार? बाई. कशा? एका डोळ्यानं, खिडकीशी, फूटपट्टी धरून. वाचून झाल्यावर त्यांनी काय करायचं? याचं उत्तर मला लिहिता आलं नाही, तरी मी पुढे गेलो. जाड काळ्या स्केचपेननं, एका पानावर जेवढ्या ओळी मावतील तेवढ्याच घालत, मी हे लिहिलं आणि सोमवारी पोस्टात टाकलं.

"आदरणीय बाई,

तुमचं काम माझ्या रिपोर्टमुळे गेलं, आणि त्या रिपोर्टचं पहिलं पान खोटं होतं.

उशिराचं कारण पद्धत नव्हती. तुमचे डोळे होते. मला ते लिहिण्याच्या आठ दिवस आधी कळलं होतं. तुम्ही तक्ता वाचायला सांगितलात त्या दुपारी मी तीनच्या जागी आठ वाचले होते. तेही मी मुद्दाम केलं होतं. तुमची परीक्षा घेतली, आणि तुम्हाला सांगितलं नाही.

खरं लिहिलं असतं तर तुम्हाला सुट्टी मिळाली असती. साहेब मला तसं म्हणाले. तुमचा दुसरा डोळा कदाचित वाचला असता. भाईजान अजून आपली खुर्ची पुसत असते. हे तुमच्यापासून लपवावं असं मला आत्ताही वाटतंय, म्हणून इथे लिहितो आहे.

मी याला तुमचा मान राखणं म्हणत होतो. पण मला भीती वाटत होती. तुमच्यासमोर उभं राहून 'बाई, तुम्हाला दिसत नाही का?' असं विचारायची. तुम्ही पहिल्या दिवशी हात सोडायला सांगितले होते. मी सोडले नव्हते.

समासात तुम्ही विचारलं होतं, मी कुठे? तुम्ही अकराव्या पानावर होता. आज तुम्हाला पहिल्या ओळीत आणलं आहे. दोन वर्षं उशिरानं.

शिफारस नसलेला रिपोर्ट म्हणजे नुसती तक्रार, असं तुम्ही म्हणायचा. माझ्याकडे शिफारस नाही. तुम्ही काय करावं हे सांगण्याचा मला हक्क नाही. ही माझ्याविरुद्धची तक्रार आहे, असंच समजा.

पाठवण्याआधी बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'म्हणजे तू चुकलास, आणि ते त्या बाईंनी भोगलं. एवढंच ना?' मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग पाठव.

मला जे काही लिहिता येतं ते तुमचं आहे. तुमच्या हाताखाली लिहिलेलं सगळं तुम्ही तपासलंत, शेवटी तो रिपोर्टसुद्धा, हे पत्र तेवढं तपासायचं राहिलं आहे. म्हणून सोबत एक टोक केलेली पेन्सिल ठेवली आहे, आणि डावीकडे समास रुंद सोडला आहे.

तुमचा,
पदवीधर"